विश्लेषण : एक्स-रे ‘नॉर्मल’, मग गुडघा दगा का देतो?

गावच्या जत्रेतला कबड्डीचा सामना. चढाईपटू बोनस रेषेवर पाय टाकून झटकन मागे वळतो. त्याला कुणी हातही लावलेला नसतो. तरी गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज येतो आणि तो जागीच बसतो. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजतो. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी एक्स-रे काढला जातो आणि उत्तर मिळते, ‘हाड शाबूत आहे, काळजी नको.’ घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. खरी अडचण इथेच सुरू होते. गुडघ्यात हाड शाबूत असणे आणि गुडघा शाबूत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या का आहेत, हे गुडघ्याची रचना पाहिली की कळते.

गुडघ्याची दुखापत चर्चेत का?

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचा धावपटू अविनाश साबळे याला जुलै २०२५ मध्ये मोनॅको डायमंड लीगमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या शर्यतीत दुखापत झाली. तपासणीत गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध आणि मेनिस्कस ही गादी, दोन्हींना इजा झाल्याचे स्पष्ट झाले. शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची टोकियोतील जागतिक स्पर्धा हुकली. स्टीपलचेसच्या एका शर्यतीत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी असते. म्हणजे ३५ वेळा उडी आणि ३५ वेळा जमिनीवर उतरणे. प्रत्येक उतरणीचा भार गुडघ्यावर येतो.

त्याआधी कुस्तीपटू विनेश फोगट हिला २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले होते. दोन वर्षांनी तिने जकार्तातील आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. २०२३ मध्ये तिच्या दुसऱ्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. यष्टिरक्षक ऋषभ पंत ३० डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातानंतर सुमारे पंधरा महिने स्पर्धात्मक क्रिकेटपासून दूर होता. त्याच्याही दुखापतींमध्ये गुडघ्याचे अस्थिबंध होते.

या खेळाडूंच्या मागे डॉक्टर, फिजिओ आणि यंत्रणा उभी होती. जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या मुलामुलींकडे यातले काहीच नसते. म्हणूनच त्यांना ही माहिती आधी असणे गरजेचे आहे.

गुडघ्यात हाडे किती?

चार हाडे लक्षात ठेवायची. वर मांडीचे हाड, जे शरीरातील सर्वांत लांब आणि मजबूत हाड आहे. खाली नडगीचे हाड, जे अंगाचा भार पेलते. पुढे गुडघ्याची वाटी. आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूला पोटरीतले एक बारीक हाड. हे चौथे हाड गुडघ्याच्या मुख्य सांध्यात थेट येत नाही, पण एक महत्त्वाचा अस्थिबंध त्याच्या वरच्या टोकाला बांधलेला असतो.

वाटीची गंमत वेगळी. ती कुठल्याही हाडाला जोडलेली नसून मांडीच्या पुढच्या स्नायूच्या बंधात अडकवलेली असते. बाळ जन्मते तेव्हा ही वाटी कूर्चेची, म्हणजे मऊ असते. तिचे हाड होण्याची सुरुवात साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात होते. तिचे काम विहिरीवरच्या रहाटासारखे आहे. दोर चाकावरून गेला की ओढणे सोपे होते, तसा मांडीचा स्नायू वाटीवरून ओढ देतो आणि पाय कमी ताकदीत सरळ होतो.

आता मुख्य मुद्दा. मांडीच्या हाडाचे खालचे टोक दोन गोल गाठींचे असते. नडगीच्या हाडाचा माथा मात्र जवळपास सपाट असतो. पाटावर दोन लिंबे ठेवावीत, तशी ही मांडणी. खुब्याच्या सांध्यात चेंडू खोल वाटीत बसलेला असतो, त्यामुळे तो सहज निसटत नाही. गुडघ्यात हाडांचा असा आधार जवळजवळ नाही.

मग हाडे जागेवर कशी राहतात?

गुडघा धरून ठेवायचे काम चार अस्थिबंध, दोन गाद्या आणि भोवतालचे स्नायू करतात.

गुडघ्याच्या आत मधोमध दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. पुढचा एसीएल. तो नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि अवाजवी पिळालाही आवर घालतो. मागचा पीसीएल. तो अधिक जाड असतो आणि नडगीचे हाड मागे जाऊ देत नाही. आतल्या बाजूला एमसीएल आणि बाहेरच्या बाजूला एलसीएल असतो. गुडघा आत किंवा बाहेर कलू नये, हे त्यांचे काम.

दोन हाडांच्या मध्ये इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात. गोल आणि सपाट यांच्यातील फट भरून त्या भार पसरवतात. त्या नसत्या तर सगळा दाब छोट्याशा जागेवर येऊन कूर्चा झिजली असती.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला ‘फोर-बार लिंकेज’ शिकवले जायचे. चार दांड्या सांध्यांनी जोडल्या की हालचाल ठरावीक मार्गानेच होते. गुडघ्यातील फुलीचे दोन अस्थिबंध आणि दोन हाडे मिळून ढोबळमानाने तीच यंत्रणा तयार होते. त्यामुळे गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एकाच आसावर फिरत नाही. वाकताना मांडीचे हाड गडगडते आणि घसरतेही. पाय पूर्ण सरळ करताना शेवटच्या काही अंशांत नडगीचे हाड किंचित बाहेर वळून गुडघा ‘लॉक’ होतो. रांगेत तासभर उभे राहता येते, त्यामागे या रचनेचाही वाटा आहे.

यातली एक दांडी तुटली, तर बाकीच्या तीन जागेवर असूनही यंत्रणा बिघडते.

एसीएल इतका कमजोर असतो का?

मुळीच नाही. प्रयोगशाळेत ताणून पाहिलेल्या तरुण माणसांच्या एसीएलने सरासरी सुमारे २,१६० न्यूटन बल सहन केले. म्हणजे साधारण २२० किलो वजन टांगण्याइतका ताण. तोही अवघ्या तीन-साडेतीन सेंटीमीटर लांबीच्या पट्ट्याने. साठीपुढच्या वयात ही ताकद एक तृतीयांशाहूनही कमी झाल्याचे त्याच चाचण्यांत दिसले.

तरी धक्का न लागता तो कसा फाटतो?

एसीएलच्या साधारण ७० टक्के दुखापती समोरच्याचा थेट धक्का नसताना होतात. बहुतेकदा तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. पाय जमिनीवर घट्ट रोवलेला असतो. गुडघा जवळपास सरळ असतो. आणि शरीर अचानक वळते किंवा थांबते. गुडघा आत झुकतो, नडगीचे हाड पुढे सरकत पिळले जाते आणि सगळा ताण एसीएलवर येतो.

सामन्यांच्या चित्रफितींच्या अभ्यासातून असे दिसले आहे, की पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांच्या आतच हा अस्थिबंध फाटत असावा. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. ‘सांभाळून पाय टाकायला हवा होता’ हा उपदेश म्हणूनच फुकाचा. त्या क्षणी विचार करून सावरायला वेळच नसतो. शरीराला आधीपासून सवय लावणे, एवढेच हाती असते.

कबड्डीत चढाईपटू बोनस रेषेवरून मागे फिरतो, खो-खोत खेळाडू खांबाला वळसा घालतो, व्हॉलीबॉलमध्ये स्मॅश मारून एका पायावर उतरतो, फुटबॉलमध्ये हुलकावणी देतो. प्रत्येक ठिकाणी रोवलेला पाय आणि वळणारे शरीर आहे. कबड्डीत त्यात पकडीची भर पडते. पाय घट्ट धरलेला असतो आणि धड सुटण्यासाठी झटका देत असते.

कुठल्या प्रसंगात कुठला अस्थिबंध?

* बाहेरच्या बाजूने गुडघ्यावर मार बसला, तर आतला एमसीएल ताणला जातो. याला रक्तपुरवठा चांगला असतो. पट्टा आणि व्यायामाने तो बहुतेकदा शस्त्रक्रियेशिवाय बरा होतो.
* दुचाकीवरून पडताना वाकलेल्या गुडघ्याखाली नडगीवर आघात झाला किंवा मोटारीत नडगी डॅशबोर्डवर आदळली, तर पीसीएलला इजा होते.
* आतल्या बाजूने जोराचा मार बसला, तर बाहेरचा एलसीएल. ही दुखापत तुलनेने कमी दिसते, पण अनेकदा इतर अस्थिबंधांसोबत होते.
* वाकलेल्या गुडघ्यावर भार देऊन पीळ बसला, तर मेनिस्कस. उतारवयात उकिडवे बसून उठतानाही झिजलेली गादी फाटू शकते. फाटलेला तुकडा मध्ये अडकला, की गुडघा अर्ध्यावर अडतो आणि सरळच होत नाही.

एक्स-रेत हे दिसत का नाही?

एक्स-रे मुख्यतः हाड दाखवतो. अस्थिबंध आणि गादी मऊ ऊतींच्या असतात. त्यांची सावली एक्स-रेत वेगळी उमटत नाही. एक अपवाद आहे. कधी कधी नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या कडेचा छोटासा कपचा निघालेला दिसतो. फ्रेंच शल्यविशारद पॉल सेगाँ यांनी १८७९ मध्ये त्याचे वर्णन केले होते. तो दिसला, तर एसीएल फाटल्याची शक्यता फार मोठी असते. पण बहुतेक रुग्णांत हा कपचा नसतोच. एक्स-रे काढावाच, कारण हाड मोडले आहे का, हे पाहायला हवे. मात्र ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ ‘हाड मोडलेले नाही’ एवढाच घ्यावा.

हे मला स्वतःच्या गुडघ्यावर शिकावे लागले. कॉलेजच्या आंतरविभागीय कबड्डी स्पर्धेत वळताना तोच ‘कट्’ आवाज आला होता. एक्स-रे नॉर्मल निघाला. मला क्रेप बँडेज आणि गोळ्या मिळाल्या. मित्रांच्या सांगण्यावरून एका हाडवैद्याकडे जाऊन चोळूनही घेतले. तीन आठवड्यांत सूज उतरली आणि मी पुन्हा मैदानात उतरलो. गुडघा अधूनमधून ‘निसटायचा’, पण मी ते अशक्तपणावर ढकलायचो. आठ महिन्यांनी एसटीच्या पायरीवरून उतरताना तो निसटला आणि मग सरळच होईना. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण फाटलेला दिसला आणि मधल्या काळात गादीही फाटली होती. पहिल्या दिवशी दुखापत एक होती, ती मी चालवून दोन केली. गादीचा एक भाग काढावा लागला. तो परत येत नाही.

निदान नेमके कसे होते?

निम्मे निदान रुग्णाच्या सांगण्यातूनच होते. आवाज आला का? सूज किती वेळात आली? पहिल्या काही तासांतच गुडघा फुगला, तर आत रक्तस्राव झाल्याची शंका येते आणि त्यामागे एसीएल असण्याची शक्यता मोठी असते. दुसऱ्या दिवशी हळूहळू सूज आली, तर गादीकडे लक्ष जाते. गुडघा अडतो की निसटतो, हाही महत्त्वाचा प्रश्न.

त्यानंतर हाताने तपासणी. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून डॉक्टर एका हाताने मांडी स्थिर धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहतात. ती जास्त सरकली आणि शेवटी ‘टक्’ असा घट्ट अटकाव जाणवला नाही, तर एसीएल फाटल्याची शंका बळावते. अमेरिकी अस्थिशल्यविशारद जॉन लॅकमन यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. तिला कुठलेही यंत्र लागत नाही, फक्त सराव असलेले हात लागतात. ताज्या सुजेत आणि वेदनेत स्नायू आखडतात, म्हणून काही दिवसांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी. एमआरआयने अस्थिबंध, गादी आणि कूर्चा यांचे चित्र स्पष्ट होते.

शस्त्रक्रिया करावीच लागते का?

प्रत्येकाला नाही. पूर्ण फाटलेला एसीएल बहुतेकदा आपोआप पूर्वीसारखा जुळत नाही. तो सांध्यातील द्रवात असतो आणि फाटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गाठ टिकत नाही. तरीही स्नायू बळकट करून अनेक जण सामान्य आयुष्य जगतात.

स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी महत्त्वाचा आहे. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया केली, दुसऱ्या गटाला आधी व्यायामोपचार देऊन गरज वाटल्यास नंतर शस्त्रक्रियेची मुभा दिली. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या त्रासात आणि हालचालीत लक्षणीय फरक आढळला नाही. पाच वर्षांनंतर दुसऱ्या गटातील साधारण निम्म्या जणांना शस्त्रक्रिया लागलेलीच नव्हती.

निर्णय तीन गोष्टींवर ठरतो. वळणे-उड्या असलेला खेळ किंवा तसे काम पुन्हा करायचे आहे का? रोजच्या चालण्यात गुडघा निसटतो का? सोबत गादी किंवा इतर अस्थिबंध फाटला आहे का? उत्तरे ‘हो’ असतील, तर शस्त्रक्रियेकडे कल झुकतो. कारण गुडघा प्रत्येक वेळी निसटतो तेव्हा गादी आणि कूर्चा भरडली जाते.

शस्त्रक्रियेत फाटलेला एसीएल सहसा शिवत नाहीत, नवा बसवतात. मांडीच्या मागच्या स्नायूचा बंध किंवा वाटीखालचा बंध घेऊन दोन हाडांत बोगदे पाडून तो दुर्बिणीद्वारे बसवला जातो. गादी फाटली असेल, तर शक्य तिथे शिवतात. तिच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असल्याने तिथला टाका जुळतो. आतल्या कडेला तो जवळपास नसतो. गादी शिवली असल्यास काही आठवडे मांडी घालून किंवा उकिडवे बसण्यास मनाई असते. घरात भारतीय पद्धतीचे शौचालय असेल, तर खुर्चीची सोय आधीच करून ठेवावी.

मैदानात परत कधी?

इथे गुडघ्याला बाशिंग बांधणे महागात पडते. बसवलेला बंध सुरुवातीला मजबूत वाटतो, पण शरीर त्याला आपलासा करताना पहिल्या काही महिन्यांत तो उलट कमकुवत होतो. दुखणे थांबलेले असते, आत्मविश्वास परत आलेला असतो आणि बंध कच्चा असतो. हा काळ सर्वांत धोक्याचा.

नॉर्वेतील खेळाडूंच्या एका अभ्यासात असे आढळले, की नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके महिने लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण साधारण निम्म्याने घटले. त्यामुळे किमान नऊ महिने थांबण्याचा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो. केवळ कॅलेंडर पुरेसे नाही. दुखऱ्या पायाच्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के झाली आहे का आणि एका पायावर उडी मारून नीट उतरता येते का, हेही तपासावे लागते.

शस्त्रक्रियेला पैसे जमवले जातात, पण फिजिओथेरपी दोन महिन्यांत सुटते, ही अनेक घरांतली गोष्ट. रोज प्रवास करून फिजिओकडे जाणे परवडत नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. पंधरा दिवसांतून एकदा जाऊन घरी करायचे व्यायाम लिहून घेता येतात. हे सोडले, तर शस्त्रक्रियेचा खर्च वाया जाऊ शकतो.

मुलींना धोका जास्त का?

सारख्याच खेळात मुलींमध्ये एसीएल फाटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा काही पटींनी अधिक आढळते. उडीवरून उतरताना गुडघे आत झुकण्याची ढब, मांडीच्या मागच्या स्नायूंची तुलनेने कमी ताकद आणि आकाराने लहान एसीएल ही कारणे सांगितली जातात. संप्रेरकांच्या भूमिकेवरही संशोधन सुरू आहे. पण मुलींना ताकदीचे आणि उतरण्याचे प्रशिक्षणच कमी मिळते, हेही तितकेच खरे कारण आहे. ते आपल्या हातात आहे.

ही दुखापत टाळता येते का?

पूर्णपणे नाही, पण शक्यता बरीच कमी करता येते. फुटबॉलसाठी ‘फिफा ११ प्लस’ नावाचा साधारण वीस मिनिटांचा सराव-आधीचा कार्यक्रम आहे. त्यात धावणे, मांडी-पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, एका पायावर तोल आणि नीट उतरण्याचा सराव असतो. असे कार्यक्रम नेमाने करणाऱ्या संघांत गुडघ्याच्या दुखापती लक्षणीय घटल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. यासाठी व्यायामशाळा लागत नाही. शाळेचे मैदान आणि सांगणारा एक प्रशिक्षक पुरे. उतरताना गुडघे वाकलेले, पायाच्या बोटांच्या रेषेत आणि आवाज कमीत कमी, एवढे तीन नियमही सुरुवातीला चालतील.

गुडघा मुरगळला, तर लगेच काय करावे?

* खेळ तिथेच थांबवा. ‘चालून बघ, मोकळा होईल’ असे म्हणू नका.
* कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावा. दिवसातून काही वेळा पुन्हा करा. पाय उशीवर उंच ठेवा.
* पहिले काही दिवस चोळणे, शेकणे आणि ओढून ‘बसवणे’ टाळा.
* गुडघा वेडावाकडा दिसत असेल, पाऊल थंड किंवा फिकट पडले असेल किंवा बधिर झाले असेल, तर क्षणाचाही विलंब न करता मोठ्या रुग्णालयात न्या. गुडघा निखळला, तर मागची मुख्य रक्तवाहिनी दबू किंवा फाटू शकते. काही तासांत रक्तपुरवठा सुरू झाला नाही, तर पाय गमावण्याची वेळ येते. दुचाकी अपघातांत हे विशेष लक्षात ठेवावे.
* आवाज आला असेल, काही तासांत सूज आली असेल किंवा नंतर गुडघा निसटत असेल, तर एक्स-रे नॉर्मल असला तरी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा आणि ‘अस्थिबंध तपासले का?’ हा प्रश्न स्वतःहून विचारा.

एसीएलच्या दुखापतीनंतर दहा ते वीस वर्षांत सुमारे निम्म्या जणांच्या गुडघ्यात झिजेची लक्षणे दिसू शकतात, असे वैद्यकीय आढाव्यांत नमूद आहे. म्हणजे विसाव्या वर्षी दुर्लक्षिलेला गुडघा चाळिशीत जिना चढताना हिशेब मागतो. गादी शाबूत राहिली आणि मांडीचे स्नायू बळकट ठेवले, तर तो हिशेब बराच सोपा होतो. त्यासाठी पहिल्या आठवड्यात योग्य प्रश्न विचारला जायला हवा. तो मी विचारला नव्हता, तुम्ही विचारा.